‘पाठवले’ म्हणे!

मराठी माणूस सहसा खोटं बोलत नाही. पण काही वाक्यं त्याला वंशपरंपरेने मिळालेली असतात. “काजं-बटणं तेवढी राहिलीत” हे शिंप्याचं वाक्य. “हा काय, निघालोच” हे घरी टॉवेल गुंडाळून बसलेल्या पाहुण्याचं वाक्य. आणि “पुस्तक घरीच आहे, उद्या आणून देतो” हे आमच्या वाचनालयाच्या यच्चयावत सभासदांचं वाक्य. या वाक्यांनी कोणी फसत नाही. बोलणाऱ्याला ठाऊक असतं, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि जगाचा गाडा चालू राहतो.

पण अलीकडे या घराण्यात एका नव्या वाक्याची भर पडली आहे. “ई-मेल पाठवलाय.” या वाक्याबद्दल माझी तक्रार अशी की, ते बोलणारा माणूस बिचारा खरं बोलत असतो. त्याच्यासमोर यंत्राने तसं लिहून दिलेलं असतं. शिंपी निदान स्वतःच्या जबाबदारीवर खोटं बोलतो हो! इथे खोटं बोलतं यंत्र, आणि चारचौघांत तोंडघशी पडतो माणूस. मी पडलो आहे, म्हणून हे रागाने लिहितो आहे. हलकंफुलकं वाचायला बसलेल्यांनी राग मानू नये.

आमच्या उपनगरातल्या एका लहानशा वाचनालयाचा मी मानद कार्यवाह आहे. मानद म्हणजे काय, तर चुका फुकट करून देणारा. सभासद तीनशे बेचाळीस. त्यांना नव्या पुस्तकांच्या याद्या, कार्यक्रमांची निमंत्रणं आणि ‘पुस्तक परत करा’ अशा प्रेमळ धमक्या गेली काही वर्षं ई-मेलने जातात. त्यासाठी एक सर्व्हर लागतो. सर्व्हर म्हणजे कुठल्या तरी दूरच्या थंडगार इमारतीत भाड्याने घेतलेला कोपरा. आमचा जुना कोपरा महाग होता. खजिनदारांना निम्म्या भाड्याचा कोपरा सापडला, आणि माझ्या भाच्याने एका शनिवारी रात्री वाचनालयाचं सगळं बिऱ्हाड तिकडे हलवलं. पहाटे तीन वाजता त्याने मला उठवून सांगितलं, “मामा, सगळं ओके. टेस्ट मेलसुद्धा पाठवून बघितला. सेकंदात आला.” मी त्याला आशीर्वाद दिला आणि कुशीवर वळलो.

सोमवारी सकाळी मी तीनशे बेचाळीस निमंत्रणं रवाना केली. निमंत्रण साधंसुधं नव्हतं. आमच्या जुन्या सभासद, निवृत्त मराठी शिक्षिका, हल्ली लेकीकडे नाशिकला असतात. वय ब्याऐंशी. त्यांचे यजमान गेले आणि बाईंनी त्यांची अकराशे पुस्तकं वाचनालयाला दिली. प्रत्येक पुस्तकावर आतल्या पानावर विकत घेतल्याची तारीख, दुकानाचं नाव आणि किंमत. टेम्पो आला तेव्हा मी स्वतः खोकी उतरवून घेतली. त्या पुस्तकांच्या स्वीकाराचा छोटासा समारंभ रविवारी संध्याकाळी ठेवला. बाईंना नातीने ई-मेलचं सगळं शिकवलेलं आहे, त्या उत्तरंही वेळेवर देतात. पडद्यावर अक्षरं उमटली : पाठवले. अध्यक्षांना मी म्हटलं, “बाईंना एक फोन करू का?” अध्यक्ष म्हणाले, “ई-मेल पाठवलाय ना? मग दोन-दोनदा कशाला? वय झालंय त्यांचं, घाई केल्यासारखं वाटेल.”

रविवारी अकरा माणसं आली. आता कोणीही सुज्ञ वाचक विचारील की, तीनशे बेचाळीस निमंत्रणं आणि माणसं अकरा, एवढ्यावरून तुम्हाला संशय कसा आला नाही? साहेब, तुम्ही वाङ्मयीन कार्यक्रमाला कधी गेलेले दिसत नाही. अकरा ही आमच्याकडे गर्दी आहे. फळ्यावर सूचना वाचून आलेले ते अकरा जण होते हे मला पुढे कळलं. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची बाईंसाठी ठेवली होती, ती शेवटपर्यंत रिकामी राहिली. आणि मी प्रास्ताविकात माइकवरून म्हणालो, “बाईंना वेळेवर कळवूनही त्या येऊ शकल्या नाहीत, त्यांनी तसं कळवलंही नाही, याचं थोडं वाईट वाटतं.” हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं गेलं. इतिवृत्त मीच लिहितो.

मंगळवारी नाशिकहून पोस्टकार्ड आलं. ‘सप्रेम नमस्कार वि. वि.’ असं सुरू होणारं, ठसठशीत, काना-मात्रा जागच्या जागी असलेलं. पुस्तकं पोचली असतील. ह्यांच्या काही पुस्तकांना वाळवीचा वास येतो, तेवढी उन्हात घालावीत. समारंभ ठेवणार म्हणाला होतात, दिवस ठरला की सवडीने कळवावे, लेक घेऊन येईल. तारीख शनिवारची.

मी भाच्याला बोलावून घेतलं. चहा दिला नाही.

भाचा मशीनसमोर बसला, काहीतरी टाइप केलं आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाला, “मामा, रांगेत फक्त एकोणीस पत्रं आहेत. म्हणजे बाकीची गेली.”

रांगेत? कसली रांग? तेव्हा मला प्रथम समजलं की, आपण बटण दाबलं म्हणजे पत्र जात नाही; ते आपल्याच मशीनच्या आत एका रांगेत उभं राहतं. रॉकेलच्या रांगा ज्यांनी काढल्या त्या पिढीला रांगेचं शास्त्र शिकवायला नको. रांग दोन कारणांनी कमी होते. एक, माल मिळून लोक घरी जातात. दोन, दुकानदार ‘माल संपला’ अशी पाटी लावतो आणि लोक घरी जातात. लांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. मी म्हटलं, “बाबा रे, बाकीची गेली ती कुठे गेली, तेवढं बघ.” त्याने मशीनची रोजवही उघडली, आणि त्याचा चेहरा शिंप्यासारखा झाला.

तीनशे बेचाळीसपैकी एकही पत्र बाहेर पडलेलं नव्हतं. ई-मेल एका मशीनकडून दुसऱ्याकडे जातं ते पंचवीस नंबरच्या दारातून. नव्या घरमालकाने हे दार बाहेर जाणाऱ्यांसाठी बंद ठेवलं होतं. सगळ्याच भाडेकरूंसाठी. तशी सूचना त्यांच्या नियमावलीत आहे म्हणे, फक्त अर्ज करून उघडून घ्यायचं असतं. आमची पत्रं पाच दिवस त्या फाटकाशी हेलपाटे घालत होती. आधी पाच-पाच मिनिटांनी, मग अंतर वाढवत तासाभराने. दर वेळी ‘पलीकडून उत्तर नाही’ अशी नोंद करून परत रांगेत. आणि पाच दिवस भरताच, म्हणजे शनिवारी सकाळी, मशीनने हात टेकून सगळी पत्रं पाठवणाऱ्याला परत केली.

“पाठवणारा मी,” मी ओरडलो, “मला कुठे मिळाली?”

“मामा, निमंत्रणं ‘नोरिप्लाय’ या नावाने जातात ना. त्या पेटीत पडलीत.”

ही आणखी एक चैन. माणसाला पत्र लिहायचं आणि वर बजावायचं की, उत्तर देऊ नकोस, आम्ही वाचणार नाही. आमच्या आजोबांनी असं पत्र फक्त एकदा लिहिलं होतं, तेही सोयरीक मोडताना.

“आणि तुझा टेस्ट मेल? सेकंदात आला तो?”

भाचा जमिनीकडे बघू लागला. त्याने टेस्ट मेल वाचनालयाच्याच पत्त्यावरून वाचनालयाच्याच पत्त्यावर पाठवला होता. ते पत्र मशीनच्या बाहेर पडलंच नाही. आपल्या डाव्या खिशातून काढून उजव्या खिशात घातलं, आणि टपाल व्यवस्था उत्तम असल्याचं जाहीर केलं! येणारी पत्रं तर येतच होती, कारण येण्याची वाट निराळी, जाण्याची निराळी. त्यामुळे कोणाला शंका यायचं कारण नव्हतं.

आता माझ्या पापाचीही कबुली देतो. बुधवारी मी एका पुस्तकविक्रेत्याला वाचनालयाच्या पत्त्यावरून, स्वतःच्या नावाने पत्र धाडलं होतं. सोमवारी त्याचं परत आलेलं पाकीट माझ्या पेटीत आलं होतं. वर पाठवणाऱ्याचं नाव : मेलर-डीमन. अनोळखी इंग्रजी पत्र उघडू नये, पैसे जातात, असं बँक रोज बजावते. त्यातून नावात डीमन! मी ते न वाचता पुसलं, कचरापेटीही रिकामी केली, आणि सौ.ला अभिमानाने सांगितलं की, आज एक सायबर हल्ला परतवला. हा डीमन म्हणजे राक्षस नसून पडद्यामागे राबणारा गरीब गडी असतो आणि तो फक्त ‘तुमचं पत्र पोचलं नाही’ एवढंच सांगायला आला होता, हे ज्ञान एक दिवस उशिरा झालं.

फाटक उघडायचा अर्ज केला. दोन दिवसांनी उघडलं. त्याबरोबर रांगेतली ती एकोणीस स्मरणपत्रं भाच्याने एका फटक्यात सोडली, आणि पुस्तक केव्हाच परत केलेले एक गृहस्थ छापील धमकी फडकवत काउंटरवर आले. ते प्रकरण निराळं. खरी गंमत पुढेच होती. आता पत्रं बाहेर पडत होती, पण पलीकडची मशीनं ती घेईनात. एकाचं म्हणणं, तुमच्या दारावर पाटी नाही. पाटी होती! पण नव्या मशीनला दोन पत्ते होते, एक जुन्या पद्धतीचा, एक नव्या लांबलचक पद्धतीचा. भाच्याने एकाच दारावर पाटी लावली होती आणि पत्रं दुसऱ्याच दाराने बाहेर पडत होती. दुसऱ्याचं म्हणणं, वाचनालयाच्या नावाने पत्र टाकायचा अधिकार कोणाला आहे याची जी जाहीर यादी तुम्हीच लावलीत, तीत हा पत्ता नाही. खरंच नव्हता, यादीवर जुन्या घराचाच पत्ता होता. तिसऱ्याने तर सरळ सांगितलं की, या पत्त्यावरचे लोक लबाड आहेत, नोंद आहे आमच्याकडे. आमच्या आधी त्या पत्त्यावर राहणाऱ्या कोणी तरी जगाला नको ती पत्रं पाठवली होती. नव्या जागेत राहायला जावं आणि पहिल्याच सकाळी मागच्या भाडेकरूच्या कर्जाचे वसुलीवाले दारात उभे राहावेत, तसला प्रकार. अर्ज, खुलासा, पुन्हा अर्ज. आठवडा गेला.

इथे मी प्रतिपक्षाची बाजू मांडतो, कारण तशी ती आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका मशीनवरून दुसऱ्यावर पहिलं पत्र धाडलं तेव्हा त्या जाळ्यावरची माणसं एकमेकांना ओळखणारी होती. पत्रं कशी द्यायची-घ्यायची याचे नियम जॉन पोस्टेल नावाच्या गृहस्थांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहिले. (टपालाचे नियम लिहिणाऱ्याचं आडनाव पोस्टेल! आमच्याकडे असं कादंबरीत लिहिलं तर समीक्षक सोडणार नाहीत.) त्या नियमांत एका मशीनने दुसऱ्याच्या दारात जाऊन आधी ‘हेलो’ म्हणायचं, तेही आज्ञा चार अक्षरी हव्यात म्हणून एका ‘एल’ने, आणि आपलं नाव सांगायचं. नाव खरं की खोटं, हे कोणी विचारत नसे. पण त्याच्याही आधी, मे १९७८ मध्ये, अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्री-अधिकाऱ्याने सुमारे चारशे जणांना एकदम जाहिरात पाठवून दाखवली होती. पुढे काय झालं ते आपण रोज सकाळी बघतो. लबाड माणूस तासाभरासाठी मशीन भाड्याने घेतो, लाखो पत्रं फेकतो आणि पळतो. तेव्हा दारं बंद ठेवणं, पाट्या बघणं, याद्या तपासणं, हे सगळं मला मान्य आहे. फेब्रुवारी २०२४ पासून बड्या कंपन्यांनी नियम आणखी आवळले, तेही मान्य. आमच्या इमारतीचा वॉचमन मलाच रजिस्टरवर सही करायला लावतो, आणि मी करतो.

माझं भांडण पहाऱ्याशी नाही. माझं भांडण मौनाशी आहे. पाच दिवस पत्र पडून आहे हे ज्याला ठाऊक होतं, त्याने ते मला सांगू नये?

भाच्याला मी हेच विचारलं. तो म्हणाला, “सांगायची सोय आहे मामा.” आमच्या मशीनवर टपालाचं काम पोस्टफिक्स नावाचा प्रोग्रॅम करतो. भला प्रोग्रॅम आहे, १९९८ पासून जगभर राबतो, फुकट मिळतो. त्यात एक कळ आहे : पत्राला उशीर झाला तर पाठवणाऱ्याला किती तासांनी कळवायचं? मुळात तिथे आकडा असतो शून्य. मला वाटलं शून्य तास म्हणजे ताबडतोब. छे! शून्य म्हणजे कधीच नाही. आता मला सांगा, आगगाडीच्या फलकावर ‘उशीर शून्य मिनिटं’ असं वाचून तुम्ही काय समजाल? गाडी येणारच नाही असं? याच्या आधीचा सेंडमेल म्हणून एक वयस्कर प्रोग्रॅम आहे, तो चार तास वाट बघून आपणहून चिठ्ठी पाठवतो, ‘पत्र अजून गेलेलं नाही, प्रयत्न चालू आहेत.’ जुन्या वळणाचा माणूस!

पाच दिवस थांबायलाही माझी हरकत नाही. चार-पाच दिवस प्रयत्न करावेत असं नियमातच आहे. पलीकडचं मशीन बंद असेल तर ते उठेपर्यंत धीर धरावा हा त्यामागचा सद्भाव. नियमांच्या २००८ सालच्या आवृत्तीत तर असंही बजावलं आहे की, मशीनने एकदा ‘घेतलं’ म्हटलं की जबाबदारी त्याची, मग फुटकळ कारणावरून पत्र हरवता कामा नये. किती सुंदर! मशीनाने मशीनाला दिलेला शब्द पाळायचा. फक्त माणसाला दिलेला शब्द, पडद्यावरचा तो ‘पाठवले’, त्याबद्दल कुठे ओळ नाही.

समारंभ पुन्हा केला. बाईंना मी पोस्टकार्ड टाकलं, वर फोन केला, आणि वर आदल्या दिवशी लेकीलाही फोन केला. बाई आल्या. कार्यक्रमाआधी मी त्यांना सगळं सांगितलं, माइकवर काय बोललो तेही. पंचवीस नंबरचं दार, पाटी, यादी, सगळं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जसं गृहपाठ न केलेल्या मुलाचं ऐकतात.

“अहो, मग तुम्ही पत्र टाकलं होतंत म्हणा की,” त्या म्हणाल्या. “पाठवलं कशाला म्हणता?”

“एकच नाही का ते?”

“एकच कसं? पत्र टाकतात, मग ते पोचतं, मग ते मिळतं. तीन क्रियापदं आहेत, तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. टाकणं तेवढं आपल्या हातात. म्हणून तर आम्ही लिहायचो, पोच द्यावी.”

मी गप्प बसलो. तांबड्या पेटीत पत्र सोडून घरी आलेला माणूस कधी “पोचवलं” म्हणत नसे, “टाकलं” म्हणे. पेटीनेही कधी दावा केला नाही. ज्याला खात्री हवी तो पैसे भरून रजिस्टर करी आणि सहीची पोचपावती भिंतीवरच्या तारेत अडकवी. रजिस्टर पोस्टही २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, पण टपालखातं निदान अजून पेटीच्या तोंडावर ‘पोचले’ असं लिहीत नाही. आणि इकडे अर्धं जग ज्याच्यावर चालतं, नोकरीचे अर्ज, डॉक्टरचे कागद, मुलांच्या फिया, तिथे रांगेच्या शेपटाला उभ्या असलेल्या पत्राबद्दल खुशाल ‘पाठवले’! ज्याचा अर्ज असा फाटकाशी अडकला त्याला समोरचा साहेब काय म्हणतो? “सगळे हेच म्हणतात, पाठवला होता म्हणून.” तो बिचारा पडदा उघडून दाखवतो, हा बघा, पाठवले! साहेब हसतो. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि ज्याने खोटं सांगितलं ते यंत्र थंडगार खोलीत गुणगुणत बसलेलं.

मी कार्यकारिणीत दोन ठराव मांडले. पहिला, इतिवृत्तातलं बाईंबद्दलचं वाक्य रद्द करून दिलगिरी नोंदवावी. तो एकमताने मंजूर झाला. दुसरा, आमच्या निमंत्रणाच्या पडद्यावर ‘पाठवले’ऐवजी ‘टाकले’ असं यावं. यावर पाऊण तास चर्चा झाली. अध्यक्ष म्हणाले, टाकणं हे कचऱ्याच्या बाबतीत ठीक आहे. खजिनदार म्हणाले, बदलायला खर्च किती? भाचा म्हणाला, एका ओळीचं काम आहे. शेवटी चार विरुद्ध तीन मतांनी ठराव पास झाला. ‘नोरिप्लाय’ बंद झालं. आता प्रत्येक निमंत्रणावर माझं नाव असतं. आणि त्या शून्याच्या जागी मी माझ्या देखत चार लिहवून घेतलं.

तेव्हापासून डीमन नियमाने येतो. मी चष्मा लावून त्याचं प्रत्येक पत्र वाचतो. काल रात्री जेवताना आला. खजिनदारांना टाकलेलं पत्र चार तास अडकून आहे म्हणाला. त्यांची पेटी भरलेली आहे, जागा नाही. मी हात धुऊन त्यांना फोन केला. ते म्हणाले, “छे हो, तुमच्या मशीनचं काहीतरी बिघडलंय. मला आत्ता शंभर पत्रं आलीत.”